नववीपासून घरीच शिक्षण: आखणी कोठून सुरू करावी?

प्रश्न: आमची मुलगी साताऱ्यातील एका सेमी इंग्रजी शाळेतून यंदा आठवी उत्तीर्ण झाली असून येत्या नोव्हेंबरमध्ये तिला १४ वर्षे पूर्ण होतील. नववीपासून तिला घरीच शिकवावे असे आम्ही दोघांनी, तिच्या संमतीने, ठरवले आहे. वनस्पती आणि पक्षी यांची तिला विलक्षण ओढ आहे आणि ती चित्रेही चांगली काढते. गणित मात्र तिला नकोसे वाटते. सकाळी आठ ते दुपारी दोन या वेळेत सात विषय बसवून मी एक वेळापत्रक तयार केले आहे व ते सोबत जोडत आहे. पुढे अकरावीला विज्ञान शाखेच्या महाविद्यालयात जाण्याची तिची इच्छा आहे. या आखणीत काय सुधारावे? (एक आई, सातारा)

उत्तर: आपल्या पत्रात विषयांची आणि तासांची यादी आहे, परंतु मुलीने दहावीची परीक्षा कोणत्या मंडळाची द्यावयाची याचा उल्लेख कोठेही नाही. आठवीपर्यंत हा प्रश्न पुढे ढकलता येतो. नववीच्या उंबरठ्यावर मात्र तोच पहिला प्रश्न असतो, कारण कोणते विषय घ्यायचे, कोणती पुस्तके वापरायची, प्रात्यक्षिके कोठे करायची आणि परीक्षा कोणत्या महिन्यात द्यायची या सर्व गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात. म्हणून ते वेळापत्रक सध्या बाजूला ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

आपल्यासमोर प्रामुख्याने दोन मार्ग आहेत. पहिला राज्य मंडळाचा, म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावीला बसण्याचा. अभ्यासक्रम ओळखीचा, पुस्तके बालभारतीची आणि गुणपत्रिका राज्यातील प्रत्येक लिपिकाच्या परिचयाची, हे त्याचे फायदे आहेत. परंतु फॉर्म परीक्षेच्या आधीच्या वर्षीच ठराविक मुदतीत भरावा लागतो, प्रात्यक्षिके व अंतर्गत गुणांसाठी एखाद्या शाळेशी जोडून घ्यावे लागते, आणि सर्व विषयांची परीक्षा एकाच वेळी द्यावी लागते. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे ज्याला सगळे एनआयओएस म्हणतात त्याचा. ही केंद्र सरकारची संस्था असून १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने ती सुरू झाली. महाराष्ट्र राज्याचेही आता स्वतंत्र मुक्त विद्यालय मंडळ आहे. पण आपल्या मुलीचा स्वभाव आणि पुढचा बेत पाहता मी एनआयओएसचाच सल्ला देईन, आणि पुढील आखणी त्याच गृहीतावर केली आहे.

एनआयओएसच्या माध्यमिक, म्हणजे दहावीच्या, अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यासाठी वयाची १४ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात; त्यांत किमान एक आणि जास्तीत जास्त दोन भाषा असू शकतात, आणि हवे असल्यास दोन विषय अधिकचे घेता येतात. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, होते. प्रत्येक विषयाच्या लेखी गुणांपैकी २० टक्के भार स्वाध्यायाचा असतो. हा स्वाध्याय घरी लिहून मुदतीत सादर करावयाचा असतो, आणि घरी शिकणाऱ्या हुशार मुलांचे सर्वाधिक गुण नेमके येथेच जातात, कारण घरात तारखेची आठवण करून देणारे वर्गशिक्षक नसतात. स्वाध्यायाच्या मुदती आपण स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

विषयांची निवड करताना गणित सोडण्याचा मोह होईल, कारण मुक्त विद्यालयात तशी मुभा आहे. ती मुभा या वयात वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अकरावीला विज्ञान शाखेत गेल्यावर गणित न घेता जीवशास्त्र घेता येते, हे खरे. परंतु दहावीलाच गणित नसेल तर अकरावी विज्ञानाचा प्रवेश अडचणीत येतो, तंत्रनिकेतनाच्या पदविकेचा मार्ग बंद होतो, आणि १४ व्या वर्षी घेतलेला निर्णय १७ व्या वर्षी उलटवणे फार कष्टाचे जाते. तेव्हा मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान व तंत्रज्ञान आणि सामाजिक शास्त्रे हे पाच विषय घ्यावेत, आणि सहावा अधिकचा विषय म्हणून चित्रकला घ्यावी. सामाजिक शास्त्रांचे पुस्तक जाडजूड आहे आणि त्याऐवजी गृहविज्ञान किंवा मानसशास्त्र घेता येईल, असे आपल्याला कोणीतरी सांगेलच. वाचनाची आवड असलेल्या मुलीला त्या जाडीची भीती वाटण्याचे कारण नाही.

नोंदणी करताना माध्यमाचा रकाना विचारपूर्वक भरावा. दहावीसाठी मराठी माध्यम उपलब्ध आहे. तथापि आपली मुलगी सेमी इंग्रजीत असल्याने गणित आणि विज्ञान ती आजवर इंग्रजीतूनच शिकली आहे, आणि अकरावी विज्ञानही इंग्रजीतूनच असेल. अशा स्थितीत दोन वर्षांसाठी परिभाषा बदलणे तिच्यावर अन्यायाचे होईल. तेव्हा इंग्रजी माध्यमच घ्यावे. सामाजिक शास्त्रे इंग्रजीतून लिहिण्याची सवय मात्र तिला नसणार. ती सवय लावण्यासाठी आठवड्यातून एक उत्तर इंग्रजीत लिहून घेणे पुरेसे आहे.

आता कालक्रम पाहू. नोव्हेंबरमध्ये १४ वर्षे पूर्ण होताच, डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे वर्षाच्या दुसऱ्या प्रवेशसत्रात, नोंदणी करावी. या सत्रात नोंदणी केलेल्यांची पहिली परीक्षा पुढील ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते. सर्व विषयांचे लक्ष्य तीच परीक्षा ठेवावी, आणि ज्या विषयाची तयारी कच्ची वाटेल तो निःसंकोचपणे एप्रिलसाठी राखून ठेवावा. यामागे एक व्यावहारिक कारण आहे. राज्य मंडळाचा निकाल लागला की अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया, जी २०२५-२६ पासून संपूर्ण राज्याला लागू झाली आहे, लगेच वेग घेते. एप्रिल-मेच्या मुक्त विद्यालय परीक्षेचा निकाल त्या मानाने उशिरा लागतो आणि पालकांची तारांबळ उडते. हिवाळ्यातील परीक्षेची गुणपत्रिका हाती असेल तर ही धावपळ टळते. अकरावीसाठी गुणपत्रिकेबरोबर स्थलांतर प्रमाणपत्रही लागते. त्याची मूळ प्रत कोणाच्याही हवाली करण्यापूर्वी प्रती काढून ठेवाव्यात.

त्याहून आधीचे काम म्हणजे सध्याच्या शाळेतून रीतसर दाखला घेणे. जन्मतारीख आणि जातीची नोंद यांसाठी आपल्याकडे पुढे अनेक वर्षे हाच कागद मागितला जातो. त्यामुळे तो घेतानाच नावाचे स्पेलिंग आणि नोंदी आधार कार्डाशी ताडून पाहाव्यात. कायद्याविषयी आपण थेट विचारलेले नाही, तरी सांगतो: २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ या वयोगटासाठी आहे आणि त्यात घरच्या घरी शिकवण्याचा उल्लेखच नाही. १४ वर्षे पूर्ण झाल्यावर मुक्त विद्यालयाची नोंदणी असणे ही आपल्यासाठी नातेवाईक, शेजारी आणि सरकारी कार्यालये या सर्वांना दाखवता येईल अशी गोष्ट ठरते.

म्हणजे जूनपासून जानेवारीपर्यंतचे महिने नोंदणीविना हाती राहतात. आपण वेळापत्रकात नेमका हाच काळ दहावीच्या पुस्तकांनी भरून टाकला आहे आणि माझा मुख्य आक्षेप त्याला आहे. मुक्त विद्यालयाच्या अभ्यासक्रमात नववी वेगळी नसते, त्यामुळे पालक थेट अंतिम पुस्तकाला हात घालतात आणि गणितात मूल अडखळते. या काळात नववीची बालभारतीची गणिताची दोन्ही पुस्तके शांतपणे पूर्ण करावीत. पहिल्या भागातील संच, वास्तव संख्या, बहुपदी आणि दोन चलांतील रेषीय समीकरणे या प्रकरणांवरच पुढचे बीजगणित उभे राहते. त्याच पुस्तकात अर्थनियोजनाचे प्रकरण आहे. ते शिकवताना घरातील खरी पगाराची पावती आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र समोर ठेवावे. गणित नकोसे वाटणाऱ्या मुलांपैकी अनेकांना ते निरर्थक वाटत असते, आणि स्वतःच्या वडिलांचा कर मोजताना तसे वाटणे कठीण असते. भूमितीत सिद्धता पाठ करून घेऊ नयेत. प्रत्येक पायरीला तिने कारण सांगावे आणि ते सांगता आले नाही तर तेथेच थांबावे. गणित रोज, पण एकच तास. कंटाळा आलेल्या दिवशी वीस मिनिटांवर सोडून द्यावे, मात्र दिवस चुकवू नये.

विज्ञानासाठी आठवड्यातून चार दिवस पुरतात आणि त्यांतील एक दिवस हाताने काही करण्याचा असावा. हळदीचा कागद किंवा जास्वंदीचा अर्क दर्शक म्हणून वापरून घरातील पदार्थांचे आम्ल आणि आम्लारी असे वर्गीकरण करणे, बहिर्वक्र भिंगाने खिडकीची प्रतिमा भिंतीवर पाडून नाभीय अंतर मोजणे, या गोष्टींना प्रयोगशाळा लागत नाही. परंतु विज्ञानाला प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि ती नोंदणी करताना आपण निवडतो त्या अभ्यास केंद्रावर होते. म्हणून केंद्र निवडताना ते घरापासून किती लांब आहे याच्याबरोबरच तेथे विज्ञानाची प्रात्यक्षिके खरोखर करून घेतली जातात का, याची प्रत्यक्ष जाऊन चौकशी करावी. काही ठिकाणी केवळ वहीवर सही मिळते. चित्रकलेलाही प्रात्यक्षिक आहे, तेव्हा हीच चौकशी तिच्यासाठीही करावी.

एवढे मांडल्यावर पुस्तकी अभ्यासाचे रोजचे तास साडेतीन-चारच्या पुढे जात नाहीत, हे आपल्या लक्षात येईल. शाळेतील सहा तासांपैकी बराच वेळ हजेरी, तास बदलणे आणि इतरांची वाट पाहणे यांत जातो. घरी तो वेळ भरून काढण्याची गरज नसते. उरलेला वेळ मोकळा ठेवण्याऐवजी मी तो मुलीच्या एका मोठ्या कामासाठी राखून ठेवीन. साताऱ्यात राहून वनस्पतींची ओढ असलेल्या मुलीला कास पठार हाकेच्या अंतरावर आहे, आणि पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत, म्हणजे २०१२ सालच्या नोंदीत, त्या पठाराचा समावेश आहे. पावसाळ्याच्या अखेरीस तेथे फुले येतात तेव्हा गर्दी प्रचंड असते. तिने मात्र तेथे वर्षभर, उन्हाळ्यातील करड्या दिवसांतही, नियमित जावे. एकाच ठरावीक जागेची तारीखवार नोंद, चित्रासह, ठेवावी. फूल तोडून वहीत दाबायचे नाही. तेथे ते चालतही नाही, आणि जिच्या हातात चित्रकला आहे तिला त्याची आवश्यकताही नाही. अशी वर्षभराची वही ही तिची विज्ञानाची, चित्रकलेची आणि मराठी लेखनाची एकत्रित परीक्षा ठरेल. पुढे एखाद्या संस्थेत मुलाखतीस जाताना तीच वही ती सोबत नेऊ शकेल.

सामाजिक शास्त्रांसाठीही पुस्तकाबाहेर जाण्यास आपला जिल्हा समृद्ध आहे. १९४३ पासूनच्या प्रतिसरकारच्या आठवणी अनेक घराण्यांत अजून सांगितल्या जातात; दोन-तीन वृद्धांना भेटून त्यांचे कथन टिपून घेणे आणि नंतर ते छापील इतिहासाशी ताडून पाहणे हे या वयाला पूर्णपणे झेपणारे काम आहे. संदर्भासाठी मराठी विश्वकोश हाताशी असावा. त्याचे खंड आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात, आणि विश्वकोशाचे काम जेथून चालत आले ते वाई आपल्यापासून जवळच आहे.

पुढे विचार बदलून वैद्यकीय शाखेकडे जायचे ठरले तर मुक्त विद्यालय आड येईल का, अशी शंका आपल्या पत्राच्या समासात लिहिलेली दिसली. मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसू न देण्याची अट २०१८ साली घालण्यात आली होती आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती मोडून काढली. आपली मुलगी बारावी नियमित महाविद्यालयातून करणार असेल तर हा प्रश्न तिच्यापुरता उद्भवतच नाही.

प्रश्न: मुलगा नववीच्या वयाचा आहे, गेली तीन वर्षे घरीच शिकतो. मुक्त विद्यालयापेक्षा केंब्रिजची दहावीच्या पातळीची आयजीसीएसई परीक्षा अधिक दर्जेदार आहे, तीच द्यावी, असे आमच्या ओळखीच्या कुटुंबाचे म्हणणे आहे. आपले मत काय? (एक वडील, पुणे)

उत्तर: दर्जाची तुलना मी करणार नाही, कारण दोन्ही परीक्षांचा हेतू वेगळा आहे. घरी शिकणाऱ्या मुलाला आयजीसीएसई खाजगी उमेदवार म्हणून देता येते. मात्र त्यासाठी आपल्या परीक्षा केंद्रात बाहेरचा उमेदवार घेण्यास तयार असलेली एखादी केंब्रिजशी संलग्न शाळा सापडावी लागते, आणि ती न सापडल्याने अनेक कुटुंबांचा बेत फसतो. म्हणून पुस्तके घेण्यापूर्वी केंद्राचे होकारपत्र मिळवावे. विज्ञानाच्या विषयांना प्रात्यक्षिकाऐवजी प्रात्यक्षिकांवर आधारित लेखी प्रश्नपत्रिका निवडता येते, ही घरी शिकणाऱ्यांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. शुल्क प्रत्येक विषयाला वेगळे आणि मुक्त विद्यालयाच्या तुलनेत कितीतरी अधिक असते. बारावीही त्याच पद्धतीने, म्हणजे ए लेव्हलने, करण्याचा आणि पुढे परदेशी जाण्याचा विचार पक्का असेल तरच या वाटेला जावे. दोन वर्षांनी अकरावीला महाराष्ट्रातील महाविद्यालयातच यावयाचे असेल, तर हा सारा खर्च आणि खटाटोप कशासाठी, हे मला समजलेले नाही.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीने मिडल स्कूल पूर्ण केले असून हायस्कूलची चारही वर्षे घरी करावयाची आहेत. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि महाविद्यालयासाठी लागणारे ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि श्रेणी यांचा तक्ता) कसे तयार करावे? मराठीला त्यात जागा देता येईल का? (एक पालक, न्यू जर्सी)

उत्तर: आपल्याकडील अडचण भारतातील पालकांच्या अगदी उलट आहे. येथे बाहेरचे मंडळ परीक्षा घेते आणि प्रमाणपत्र देते. आपल्या राज्यात कायदा शाळेबाहेर समतुल्य शिक्षण देण्यास मान्यता देतो, त्याची आगाऊ सूचना शाळा जिल्ह्याला देण्याची सक्ती करत नाही, आणि ट्रान्सक्रिप्ट व पदविका आपणच तयार करावयाची असते. स्वातंत्र्य मोठे असल्याने पुरावा गोळा करण्याची जबाबदारीही संपूर्ण आपलीच आहे.

चौकट म्हणून जवळच्या सार्वजनिक हायस्कूलच्या अपेक्षा समोर ठेवाव्यात: इंग्रजी चार वर्षे, गणित तीन किंवा चार, विज्ञान तीन आणि तेही प्रयोगांसह, इतिहास व समाजशास्त्रे तीन, परकीय भाषा किमान दोन. एका पूर्ण विषयाला एक क्रेडिट, आणि त्यासाठी साधारण १२० तासांचे काम, हा कार्नेगी युनिटचा जुना मापदंड हिशेबाला सोयीचा आहे. ट्रान्सक्रिप्ट एक पानाचे असावे. पण प्रत्येक विषयाचे चार-पाच ओळींचे वर्णन, वापरलेली पुस्तके, लिहून घेतलेले निबंध आणि मूल्यमापनाची पद्धत हे सर्व त्या त्या वर्षाच्या अखेरीसच लिहून ठेवावे. बारावीच्या शरद ऋतूत, अर्ज भरण्याच्या घाईत, नववीतील पुस्तकांची नावे आठवत बसणारे पालक नेहमीच दिसतात. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक महाविद्यालयांना चालणाऱ्या सामाईक अर्जात, समुपदेशकाची भूमिकाही पालकालाच पार पाडावी लागते, तेव्हा ती तयारी ठेवावी.

आईने दिलेल्या ‘ए’ श्रेणीवर प्रवेश समिती एकटीने विसंबत नाही. म्हणून दहावीपासून दरवर्षी एखादा बाहेरचा पुरावा जमा होत जावा: मे महिन्यातील एखादी एपी, म्हणजे महाविद्यालयीन पातळीची, परीक्षा, कम्युनिटी कॉलेजमधील एक अभ्यासक्रम, एसएटी ही प्रवेशपूर्व चाचणी. एपीची परीक्षा कोणालाही देता येते, परंतु ती घेणारी शाळा शरद ऋतूतच शोधून नाव नोंदवावे लागते. आणि कॉलेज बोर्डाकडून, म्हणजे एपी परीक्षा चालवणाऱ्या संस्थेकडून, आपला पाठ्यक्रम मान्य करून घेतला नसेल तर ट्रान्सक्रिप्टवर विषयाच्या नावात एपी लिहू नये, परीक्षेचे गुण मात्र अवश्य द्यावेत.

मराठीला जागा निश्चितच आहे, पण ‘आम्ही घरी मराठी बोलतो’ एवढ्यावर क्रेडिट लावू नये. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा आपल्या परिसरात आहेत. तेथील वर्ग आणि घरी केलेले वाचन-लेखन मिळून तास भरतात का ते पाहावे आणि वर्णनात तसे स्पष्ट लिहावे. काही निवडक महाविद्यालयांना त्याखेरीज शाळेत शिकवली जाणारी एखादी भाषा अपेक्षित असते. ज्या महाविद्यालयांचा विचार आहे त्यांच्या अटी दहावी सुरू होण्यापूर्वीच वाचाव्यात.

प्रश्न: माझा नातू संगणकावर प्रोग्रॅम लिहिण्यात दिवस घालवतो. मुंबईची एक मुलगी दहावी-बारावी न करता अमेरिकेतील एमआयटीत गेली, असे त्याच्या आईवडिलांनी वाचले असून नववीपासून कोणतीच परीक्षा नको असे ते म्हणतात. हे योग्य आहे का? (एक आजोबा, नाशिक)

उत्तर: ती बातमी खरी आहे. परंतु २०१६ साली त्या मुलीला मिळालेल्या प्रवेशामागे आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग ऑलिम्पियाडमधील दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदके होती, आणि बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार तिच्यासाठी बंदच होते. बातमीचा हा दुसरा भाग आपल्या मुलाला आणि सुनेला वाचून दाखवावा. नातवाला झोनल इन्फर्मेटिक्स ऑलिम्पियाडच्या, म्हणजे त्या स्पर्धेसाठीच्या भारतातील पहिल्या फेरीच्या, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला द्याव्यात. त्या सोडवताना प्रोग्रॅमिंगपेक्षा गणितच अधिक लागते, हे त्याला काही आठवड्यांतच दिसेल, आणि मग मुक्त विद्यालयाच्या पाच विषयांत गणित घेण्याविषयी त्याच्याशी बोलणे सोपे जाईल. पाच वर्षांच्या मुदतीत एकेका विषयाची परीक्षा देत तो आपले प्रोग्रॅमिंगही चालू ठेवू शकतो. नोंदणी मात्र १४ वर्षे पूर्ण होताच करून टाकावी.